चाल बघणारे तळेकर सर

तळेकर सरांनी माझ्या वडिलांचा आजार वेळेत ओळखला आणि आमच्या हमालांच्या टोळीतल्या किसनमामांचे गुडघे घालवले. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच नजरेनं केल्या आणि दोन्ही माझ्या दुकानासमोर झाल्या. त्यामुळे या माणसाबद्दल लिहायचा हक्क माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही, असं मी धरून चाललो आहे. मी काही लेखक नाही. जुन्या जालन्यातल्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं आडतीचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भांडताना हिंदी, अशी आमची भाषांची वाटणी आहे. माणूस दुकानाच्या पायरीवर चढला की तो घेणार का नुसता भाव विचारून जाणार, हे आम्हाला कळतं असा आम्हा लोकांना मोठा गर्व असतो. तो गर्व तळेकर सरांनी पहिल्याच आठवड्यात उतरवला.

ते आले एका सोमवारी सकाळी. उंच, काटकुळे, पँट घोट्याच्या वर, पायात कापडी बूट. दुकानाच्या माडीवरची खोली भाड्यानं हवी होती. मी विचारलं, "काय काम करता?"

"चाल बघतो," ते म्हणाले.

"कुणाची?"

"सगळ्यांची. आता तुमचीच बघून राह्यलो."

मला वाटलं, माणूस जरा सुटलेला आहे. पण पुढं उलगडा झाला. हे डॉक्टर भास्कर तळेकर. डॉक्टर म्हणजे औषधं देणारे नव्हेत. माणसाचं शरीर हलतं कसं, चालतं कसं, ओझं उचलतं कसं, याचं एक आख्खं शास्त्र आहे आणि हे त्यातले संशोधक. गाव शहागडच्या अलीकडचं, घरची शेती गोदावरीच्या काठाला. शिक्षणासाठी बाहेर गेले, बाहेरच नोकऱ्या केल्या, आणि वयाच्या पन्नाशीनंतर आपल्या भागातल्या ओझं वाहणाऱ्या माणसांवर काम करायचं म्हणून एका विद्यापीठाचं काम घेऊन परत आले. आमची खोली त्यांना हवी होती कारण तिच्या खिडकीतून ट्रक भरताना हमाल दिसतात. खोलीत पंखा नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. ते खिडकीतून खाली बघत होते.

सरांची एक खोड सांगायलाच हवी. ते माणसाच्या तोंडाकडं बघत नसत. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, मग खांदे, आणि एवढं सगळं झाल्यावर वेळ उरला तर चेहरा. आठ दिवस रोज माझ्याशी बोलूनही एकदा बाजारात मी थांबलेला असताना ते माझ्यासमोरून निघून गेले. मी दोन पावलं टाकली तसे गर्रकन वळले. "अरे शेठ! तुम्ही होय? थांबलेले होते म्हणून वळखू आले न्हाई."

लोकांच्या चपला ते उलट्या करून बघत. लग्नाकार्यात मांडवाबाहेर चपलांचा ढीग असतो, तिथं हे उकिडवे बसलेले. कुठली टाच कुठून झिजली आहे यावरून मालक कसा चालतो ते सांगत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. एकदा अशाच एका लग्नात वधूच्या मामांनी त्यांना चप्पलचोर म्हणून धरलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "तुमची डावी टाच बाहेरून झिजली. कंबर दुखती का न्हाई?" मामा त्यांना बाजूला घेऊन गेले आणि अर्धा तास स्वतःच्या कंबरेची कहाणी सांगत बसले. जेवणाच्या पंगतीत सरांना मानाचं पान मिळालं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "शेठ, माणूस चालतो म्हणजे काय करतो? पडतो. पुढं पडतो आणि दुसऱ्या पायावर सोताला झेलतो. जन्मभर पडतो आणि जन्मभर झेलतो." हे ते इतक्या वेळा आणि इतक्या आश्चर्यानं सांगत की जणू आत्ताच कळलं आहे. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर एक दिवस दुकानातून घरी जाताना मी सहज स्वतःच्या चालण्याकडं लक्ष दिलं, आणि खरं सांगतो, चौकापर्यंत जाईस्तोवर मला धड चालता येईना.

आता बापूजींची गोष्ट. बापूजी म्हणजे माझे वडील. वय सत्तरीकडं झुकलेलं, पण सकाळी मंदिर, मग दुकान, मग जेवण, पुन्हा दुकान, असा नेम घड्याळासारखा. एकदा त्यांनी मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाले, "तो वरचा माणूस तीन दिवस झाले माझ्या मागं मागं येतोय. मंदिरात जातो तर मागं, परत येतो तर मागं. सरकारी खात्याचा तर नाही?" मी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी सरच खाली आले, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघून बोलले.

"शेठ, रागावू नका. बापूजींचा डावा हात हलत न्हाई."

"हलत नाही कसा? सकाळीच त्यांनी त्या हातानं नोकराला हाकललं."

"तसा हलतो. चालताना हलत न्हाई. उजवा हात पुढंमागं जातो, डावा अंगाला लागून ऱ्हातो. तीन दिवस बराबर पाह्यलं. मी काही इलाज करणारा डॉक्टर न्हाई. पण मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. जल्दी."

मी चिडलो. चांगल्या धडधाकट म्हाताऱ्याला आजारी ठरवणारा हा कोण? बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, दाखवायला काय जातंय. आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बापूजींना कॉरिडॉरमध्ये दोनदा चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, आणि मला विचारलं, "इतक्या लवकर तुमच्या लक्षात कसं आलं? हात थरथरायला लागल्यावरच लोक येतात." कंपवाताची सुरुवात होती. औषधं सुरू झाली. बापूजी आजही रोज दुकानात येतात आणि आजही नोकरांना हाकलतात. परत येताना गाडीत मी सरांना काय म्हणावं याची जुळवाजुळव करत होतो. दुकानाशी आलो तर सर पायरीवरच बसलेले. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर म्हणाले, "तसं वाकू नका, गुडघ्यातून वाका. पाठ जाईल."

त्या दिवसापासून सर जे म्हणतील ते आमच्या घराला मान्य झालं. पुढं जे झालं त्यात या मान्यतेचाही हात आहे, म्हणून हे सांगून ठेवलं.

सरांचा एक नियम होता. जे ओझं आपण स्वतः उचललं नाही त्याच्यावर लिहायचं नाही. एकदा मला ते स्कूटरवर मागं बसवून अंकुशनगरला घेऊन गेले. साखर कारखान्याच्या बाजूला उसाचा फड चालू होता. बाया उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढत होत्या. सर तासभर नुसते उभे राहिले. मग एका बाईला म्हणाले, "मावशी, मला देता का?" तिनं हसत हसत मोळी त्यांच्या डोक्यावर ठेवली. सर चार पावलं चालले आणि मोळीसकट खाली बसले. सगळा फड हसला. सर उठले, पँट झटकली आणि त्या बाईला हात जोडले. घरी येईपर्यंत एकच सांगत होते, "शेठ, त्या बाईची मान पाह्यली का? खाली पाय डगमगून राह्यलेत आणि वर मान हलत न्हाई. हे कोनी शिकवलं तिला?" मी आयुष्यभर हमालांच्या मध्ये बसलो आहे. पण अशा कामाकडं असं बघायचं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्या टोळीत त्यांचे सगळ्यात आवडते म्हणजे किसनमामा. साठीला आलेले, टोळीतले सगळ्यात जुने. अंगानं लहानखुरे, पण पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढायला लागले की बाकीचे बघत राहत. ट्रक भरायची आमच्याकडची पद्धत अशी की जमिनीवरून ट्रकाच्या मागच्या फाळक्यापर्यंत एक लांब लाकडी फळी टाकायची, आणि तिच्यावरून एकामागं एक हमालांनी चढायचं. फळी पायाखाली दबते, उसळते. नवख्याला ती धडकी भरवते. सर खिडकीत बसून किसनमामांची पावलं ऐकायचे. डोळे मिटून सांगायचे, "हे मामा. हा त्यांच्या मागचा. हे पुन्हा मामा." कधी चुकले नाहीत.

मामांच्या गुडघ्याला त्यांनी हालचाल मोजणाऱ्या छोट्या डब्या चिकटवल्या, मोबाइलवर चित्रण केलं, वह्या भरल्या. आणि नियमाप्रमाणे एक दिवस स्वतः पोतं घेतलं. अर्धंच भरलेलं. फळीवर तिसऱ्या पावलाला फळी खालून उसळली आणि सर पोत्यासकट बाजूला पडले. मनगट मुरगळलं. मामा धावले, पाणी आणलं. सर जमिनीवर बसूनच म्हणाले, "मामा, तुम्ही रोज ह्या सैतानावरून जाता?"

तिथून त्यांच्या डोक्यानं घेतलं की ही फळीच सगळ्या दुखण्यांचं मूळ. चार महिने आकडेमोड करून त्यांनी लोखंडी रॅम्प आखला. रुंद, भक्कम, हलणार नाही, चढ कमी. अर्थातच पहिला रॅम्प माझ्या दुकानासमोर बसला. मी बसवला. अभिमानानं बसवला. ज्या माणसानं बापूजींचा हात ओळखला तो माणूस चुकेल कसा? सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता. जुनी फळी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. हमाल रॅम्पवर चढले, उतरले. सरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" टोळीनं किसनमामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "तुम्ही केलंय म्हंजी बराबरच असंल सर."

हंगाम संपत आला तशी बाकीच्या व्यापाऱ्यांनीही असेच रॅम्प करायचं मनावर घेतलं. बैठकीचा दिवस ठरला. सरांना शाल द्यायचंही ठरलं. मधले दोन महिने सर बाहेरगावी होते, रॅम्पवरचा आपला शोधनिबंध पुरा करून धाडत होते; त्याला ते 'कागद' म्हणत. बैठकीच्या दिवशी सकाळी ते आले, माझ्या गादीवर बसले, चहा मागवला आणि सवयीनं डोळे मिटले. बाहेर ट्रक भरणं चालू होतं. लोखंडावर पावलं धपधप वाजत होती.

सरांनी डोळे उघडले. "मामा आज आले न्हाईत का?"

मी म्हणालो, "आलेत की. आत्ताच चढले ते तेच."

मामांचं पाऊल सरांना पहिल्यांदाच ओळखू आलं नव्हतं. ते उठून बाहेर गेले. मामा रॅम्पवरून उतरत होते, आडवे आडवे, एकेक पाय खाली टाकत, कठड्याला धरून. सरांनी काही न विचारता खाली बसून त्यांचं धोतर गुडघ्यावर सारलं. दोन्ही गुडघे सुजून लालभडक झालेले. वर कसलासा पाला बांधलेला. हे मीही पाहिलं नव्हतं. माझ्या दारात दोन महिने हा माणूस असा चढत होता आणि मला दिसला नव्हता.

"कधीपासून?"

"व्हतंय सर थोडं. वय झालं."

"मामा, माझ्यासंगं खोटं बोलू नका. कधीपासून?"

मामांनी धोतर पुन्हा खाली ओढलं. मागचा हमाल बोलला. "हे लोखंड आल्यापासून सर. समद्यायचंच दुखून राह्यलं. मामाचं जास्ती. मामा म्हनले कोनी काही बोलायचं न्हाई."

सरांनी जुनी फळी आणायला सांगितली. दोघांनी ती भिंतीपासून ओढून आणली आणि रॅम्पच्या शेजारी फाळक्याला लावली. मामा लंगडत पुढं झाले. "आरं उलटी टाकली. ही पोटाची बाजू. पाठ वर करा." दोघांनी फळी उलटवली.

सर म्हणाले, "थांबा. पोट काय, पाठ काय?"

मामांना नवल वाटलं, की एवढ्या शिकलेल्या माणसाला हे माहीत नाही. "फळीला पाठ असती ना सर. वापरून वापरून तिला बाक येतो. बाकाची बाजू वर पाह्यजे. ओझं पाठीवर घेत्यात, पोटावर कुठं घेत्यात? पाठ वर असली की ती दबती आन् उचलून देती. पुढच्यानं पाय उचलला की फळी वर येती. तवाच आपला पाय टाकायचा. अर्धं पोतं फळीच वाहती सर. पोट वर केलं का मंग ती मेली. आन् हे लोखंड तर जल्माचंच मेलेलं. समदं गुडघ्यावर येतं."

सरांनी खिशातून वही काढली. जुनी, मागच्या वर्षीची. पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. मग वही माझ्यापुढं धरली. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ट्रक भरण्याआधी हमालांनी फळी उलटवली. कारण: सवय." सहा वेगवेगळ्या दिवशी सहा वेळा तेच लिहिलं होतं.

ते पोत्यावर बसले. मग म्हणाले, "मी पडलो, शेठ. मला भेव वाटलं. आणि मी माझं भेव मोजत बसलो."

मग मामांकडं वळून म्हणाले, "मामा, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं व्हतं. काहून न्हाई बोलले?"

मामांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "सर, चाळीस साल झाले ह्या मोंढ्यात. लोकानं आमची पाठ पाह्यली, पोतं पाह्यलं. आमच्या पायाकडं कोनी पाह्यलं न्हवतं. तुम्ही पाह्यलं. मंग तुमाला कसं म्हनावं, की तुम्ही चुकले?"

मला त्या क्षणी तिथं उभं राहवेना. आत गेलो आणि उगाच तराजू पुसत बसलो.

दुपारी बैठक झाली. मोंढ्यातले सगळे व्यापारी, शाल, नारळ, फोटोवाला. सरांना बोलायला उभं केलं. ते म्हणाले, "रॅम्प बसवू नका. बसवला तो काढा. माझं चुकलंय." कुजबुज सुरू झाली. एकानं सावरून घ्यायचा प्रयत्न केला, "सर, थोडीफार दुरुस्ती करून..." सर म्हणाले, "बिलकुल न्हाई. चाल ज्यांची हाय त्यांना मी विचारलंच न्हाई. त्यांनी फळी रोज माझ्यासमोर उलटवली आणि मी तिला सवय म्हणलो. एका माणसाचे गुडघे गेले. हे सगळं मी लिहून देणार हाय, आणि पहिला कागद मागं घेणार हाय." एक जण माझ्या कानाशी कुजबुजला, "एवढा शिकलेला माणूस, असं चारचौघांत बोलतात का?" मी त्याला जे म्हणालो ते हिंदीत होतं, इथं लिहिता येणार नाही.

त्या कागदावर सरांचं पुढचं सगळं काम अवलंबून होतं, हे मला नंतर त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. त्यांनी तो परत घेतला. ज्या विद्यापीठाच्या कामावर ते होते ते काम संपलं. याबद्दल सर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

मामांचे गुडघे मात्र बोलत होते. हाडाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोतं कायमचं बंद, आणि साधं चालणंही किती परत येईल ते सांगता येत नाही. मामा अंथरुणाला लागले. तेव्हा सर रोज सकाळी सात वाजता त्यांच्या घरी जायला लागले. जुन्या जालन्यातली ती गल्ली इतकी अरुंद की दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. तिथं सर मामांना उभं करत. पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. मामा भिंतीला धरून उभे राहिले, घामानं डबडबले आणि खाली बसले. झालं. तेवढंच. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. सर व्यायाम करून घेत, गुडघ्यांना शेक देत. मामांच्या बायकोनं पहिले काही दिवस सरांशी अबोला धरला होता. तिचं काय चुकलं? नवऱ्याचे पाय गेले होते. पण पुढं ती सरांसाठी चहा ठेवायला लागली, आणि मग एक दिवस तिनं त्यांना विचारलं, "सर, तुमचं पोटापाण्याचं काय चाललंय?" सर म्हणाले, "चाललंय." ती म्हणाली, "दिसतंय," आणि दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या.

दोन महिन्यांनी मामा दारापर्यंत आले. मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. पावसाळा गेला. नवीन सोयाबीन आलं. ट्रक पुन्हा फळीवरून भरायला लागले. लोखंडी रॅम्प मी बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी भंगारात घातला होता. मामांना मी दुकानात बसायचं काम दिलं होतं. माल मोजायचं काम नाही, ते त्यांनी मागितलंही नाही. नवीन पोरांना फळीवर पाय कधी टाकायचा ते शिकवायचं काम. ते बसून शिकवत. हाताच्या इशाऱ्यानं.

सर जालना सोडून गेले त्या दिवसाचं आता सांगतो. त्यांना दूरच्या एका शहरात, अपघातानं पाय गेलेल्या लोकांना चालायला शिकवणाऱ्या ठिकाणी काम मिळालं होतं. लहानसं काम, पण त्यांना आवडणारं. दुपारची वेळ होती. ऑटो रस्त्याच्या पलीकडं उभा होता, सामान म्हणजे दोन पिशव्या आणि वह्यांचं एक गाठोडं. बापूजींच्या पाया पडले. माझा हात हातात घेतला. मामांना म्हणाले, "बसा मामा, उठू नका."

मामा उठले. काठी पायरीलाच टेकवून ठेवली आणि रस्त्यावर आले. मी धरायला पुढं झालो तर त्यांनी हात झटकला. ट्रक, हातगाड्या, दुचाकी, सगळ्यांतून वाट काढत ते चालत राहिले. आमची सगळी टोळी काम थांबवून बघत होती. चाळीसेक पावलं असतील. मामा ऑटोशी पोचले, आणि त्यांनी सरांची एक पिशवी आत ठेवली.

सर ऑटोत बसले होते. त्यांनी मामांच्या तोंडाकडं बघितलं नाही. पायांकडंच बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही भान नव्हतं. ते म्हणाले, "मामा, डावा पाय अजून जरा मागं ऱ्हातोय."

मामा हसले. "ऱ्हाऊ द्या सर. पोचून तर राह्यला ना."

ऑटोवाल्यानं किल्ली फिरवली. मामा वळले आणि एकटेच रस्ता ओलांडून परत यायला लागले. ऑटो कोपऱ्यावर वळेपर्यंत सर बाहेर वाकून बघत होते.